यशाचा बोभाटा आणि यशाचें मौन

उन्हाळा सरत येतो, मोंढ्यांत बियाण्याच्या पाकिटांसाठीं शेतकऱ्यांची गर्दी होऊं लागते, आणि त्याच सुमारास आमच्या जालना जिल्ह्यांत आणखी एक पीक तरारून वर येतें. तें पीक अभिनंदनाच्या फ्लेक्सांचें. बारावीचा निकाल असो, पदवीचा असो, वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा असो कीं पोलीस भरती असो, निमित्त मिळण्याचा अवकाश, चौकांत फलक उभा राहतो. त्या फलकाची रचना एकदां नीट न्याहाळून पाहावी. वरच्या अंगास पुढाऱ्यांच्या मुद्रा, मध्यभागीं भाऊ, दादा, साहेब, खालीं शुभेच्छुकांची मोठी पंगत, आणि या सर्वांच्या दाटींत कोठें तरी कोपऱ्यांत, आधारपत्रावरून उचललेल्या छायाचित्रांत, भेदरल्या डोळ्यांचा एक मुलगा किंवा मुलगी. ज्याचें यश तो कोपऱ्यांत, आणि ज्यांचा त्या यशाशीं काडीचा संबंध नाहीं ते मध्यभागीं! याला आम्ही अभिनंदन म्हणतों.

आतां याच गांवांतील एखाद्या सुशिक्षित घरांत डोकावून पाहावें. मुलगा निकाल घेऊन येतो. आई साखर हातावर ठेवते, वडील मान हलवितात, आणि लागलीच दोघेंही त्यास बजावतात कीं, "फार सांगत सुटूं नकोस. दृष्ट लागते. शेजारच्यांचा नापास झाला आहे, त्यांच्यासमोर तर बोलूंच नकोस." मुलगा गप्प बसतो. पुढें आठ दिवसांनीं त्याचे काका त्याला न विचारतां त्याचा फोटो व गुण गोतावळ्याच्या व्हॉट्सॲप समूहांत टाकतात, आणि तिकडून फुलांचीं व हात जोडल्याचीं चित्रें येऊन पडतात. म्हणजे बोभाटा झाला तो दुसऱ्यांनीं केला, आणि मौन पाळावें लागलें तें ज्याचें यश होतें त्यास! हीं दोन्ही चित्रें परस्परांच्या उलट दिसतात खरीं. परंतु आमच्या मतें तीं एकाच रोगाचीं दोन लक्षणें आहेत. विद्यार्थ्याचें यश हें त्याचें स्वतःचें आहे, त्याविषयीं काय बोलावें, कोणापाशीं बोलावें हें ठरविण्याचा पहिला अधिकार त्याचाच आहे, हें आपण मान्यच करीत नाहीं. प्रस्तुत लेखांत या दोन्ही चालींविरुद्ध आमची तक्रार आम्ही मांडणार आहों.

या चालींचें मूळ मात्र समजून घेतलें पाहिजे. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें. परंतु तेथील शिक्षणाचें माध्यम उर्दू, आणि गोदाकांठच्या मराठी शेतकऱ्याच्या पोराला हैदराबाद म्हणजे दुसरा देशच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस कॉलेज काढलें तें १९५० सालीं. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें तें १९५८ सालीं. आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. जेथें पदवीधर मनुष्य गांवांत एखादाच असावयाचा, तेथें त्याचें यश हें साऱ्या गांवाचें यश ठरावें, त्याची मिरवणूक निघावी, यांत नवल तें काय? ती मिरवणूक भाबडी होती, पण तींत खोटेपणा नव्हता. आज भोकरदन, परतूर, मंठा, अंबड अशा तालुक्यांच्या गांवीं कॉलेजें झालीं, पदवीधर घरोघर झाले, आणि मिरवणुकीचा अर्थ निघून जाऊन मागें तिचा नुसता सांगाडा उरला. तो सांगाडा ज्यांना मतें हवींत त्यांनीं व ज्यांना गिऱ्हाइकें हवींत त्या शिकवणीवाल्यांनीं आपसांत वांटून घेतला आहे. एकाच मुलाचा फोटो दोन निरनिराळ्या क्लासांच्या जाहिरातींत झळकतो, आणि दोन्ही ठिकाणीं तो 'आमचाच' असतो!

पण या सर्व गलबल्यांत खुद्द विद्यार्थ्यास काय वाटत असतें, याची चौकशी कोणी केली आहे काय? अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यानें १८९० सालीं आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत एक साधें समीकरण मांडलें होतें. मनुष्याचा आत्मसन्मान म्हणजे त्याचें यश भागिलें त्याच्या अपेक्षा. अपेक्षेचा भाजक वाढवीत गेलें, कीं यश तेवढेंच राहूनही सन्मान घटत जातो. आमच्या मध्यमवर्गीय घरांतून नेमकें हेंच घडतें. मुलानें पंचाऐशी टक्के मिळविले, तर पहिला प्रश्न येतो, "पहिला कोण आला? त्याला किती?" लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं दाखविलें कीं, जेथें मोजण्याचें दुसरें साधन नसतें, तेथें मनुष्य स्वतःस इतरांशीं ताडून पाहतो. विद्यार्थी तर हें करीतच असतो. त्यास घरच्यांच्या मदतीची गरज नाहीं. ज्या क्षणीं त्यास या तुलनेंतून घटकाभर सुटका हवी असते, त्याच क्षणीं आपण त्याच्या हातांत पुन्हां तागडी देतों. मग तो मोबाइलवर आपल्या गुणपत्रिकेचें चित्र 'स्टेटस' म्हणून लावतो आणि तें किती जणांनीं पाहिलें हें दर घटकेस मोजीत बसतो, याबद्दल त्याला हंसण्याचा आपणांस काय अधिकार? घरांत न मिळालेला श्रोता तो रस्त्यांत शोधीत असतो.

याच्या दुसऱ्या टोंकाचें एक चित्र पाहा. आमच्या जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबें दिवाळीनंतर मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यास पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊस तोडावयास जातात. आईबाप फडावर, मुलगा जालन्यास कॉलेजांत. सत्राचा निकाल लागतो तो बहुधा याच दिवसांत. रात्रीं कोपीवर परतलेल्या बापाला मुलगा फोन करतो आणि सांगतो, "बाबा, निकाल लागला." बाप विचारतो, "पास झालास ना?" मुलगा म्हणतो, "हो." बाप म्हणतो, "बरं झालं. जेवलास का?" येथें संभाषण संपतें. मुलगा विभागांत दुसरा आलेला असतो. पण श्रेणी, गुणांक हे शब्द त्या कोपीपर्यंत पोंचत नाहींत, आणि तो ते पोंचविण्याचा खटाटोपही करीत नाहीं. बापाचें प्रेम कमी आहे असें कोण म्हणेल? त्यानें कोयता चालविला म्हणूनच हा निकाल लागला. त्या बापाजवळ दुसरा प्रश्न नाहीं, कारण तो त्या वाटेनें कधीं गेलाच नाहीं. आमची तक्रार त्याच्याविरुद्ध मुळींच नाहीं. ज्यांच्याजवळ दुसरा प्रश्न आहे आणि तरीही जे तो विचारीत नाहींत, त्या आम्हां शिकल्यासवरल्या लोकांविरुद्ध ती आहे.

दुसरा प्रश्न म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. शेली गेबल नांवाच्या अमेरिकन संशोधिकेनें व तिच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. मनुष्यावर संकट आलें असतां आप्तेष्ट कसे वागतात याचा विचार पुष्कळांनीं केला होता. त्यांच्यावर चांगला प्रसंग आला असतां आप्तेष्ट कसे वागतात याचा विचार या मंडळींनीं केला. त्यांना आढळलें कीं, आनंदाची गोष्ट दुसऱ्यास सांगितल्यानें सांगणाऱ्याचें समाधान मूळ घटनेहूनही अधिक वाढतें, आणि ऐकणारा आस्थेनें पुढें विचारीत गेला तर उभयतांचें नातें दृढ होतें. नुसतें "छान, छान" म्हणून विषय बदलणाऱ्याकडून हें कार्य होत नाहीं. "तो अवघड विषय तूं कसा सोडविलास? कोठें अडलास? कोणीं मदत केली? आतां पुढें काय करावेंसें वाटतें?" हा तो दुसरा प्रश्न. हाराफुलांस पैसे पडतात, फ्लेक्सास पैसे पडतात. या प्रश्नास कवडीही पडत नाहीं. आणि म्हणूनच कीं काय, तो कोणी विचारीत नाहीं!

येथें आमचे विनयाचे कैवारी पुढें सरसावतील. ते म्हणतील, आत्मस्तुति हें मूर्खाचें लक्षण म्हणून समर्थांनींच सांगितलें आहे. होय, सांगितलें आहे. आणि समर्थ रामदास हे तर आमच्याच जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांतल्या जांबेचे, त्यांचा शब्द आम्ही कसा टाळावा? परंतु दासबोधाच्या दुसऱ्या दशकांतील तो मूर्खलक्षणांचा समास आमच्या मित्रांनीं पुन्हां उघडून पाहावा. स्वतःची स्तुति स्वतः करणाऱ्याशेजारींच तेथें वडिलांच्या कीर्तीवर फुशारकी मारणाराही मूर्खांत गणलेला आहे. दुसऱ्याच्या पराक्रमाचा टेंभा आपण मिरवावा, हा दोष तो हाच. मग पुतण्याच्या गुणांवर ऐटींत मिरविणारे काका आणि विद्यार्थ्याच्या फोटोखालीं आपलें नांव ठोकून देणारे शुभेच्छुक यांची गणना कोणत्या लक्षणांत करावी? शिवाय, आपल्याजवळचें ज्ञान दुसऱ्यास देऊन लोकांस शहाणें करावें, हा उपदेशही समर्थांचाच आहे. "मी हुशार आहें" असें सांगणें ही आत्मस्तुति होय. "मी हें असें केलें, तुलाही करतां येईल" असें सांगणें हें ज्ञानदान होय. या दोहोंतील भेद न ओळखतां दोन्हींवर एकच बोळा फिरविणें याला विनय म्हणत नाहींत. याला आळस म्हणतात.

खोट्या विनयाचा निकाल तर संशोधकांनींही लावून टाकला आहे. तक्रारीच्या किंवा नम्रतेच्या आड बढाई लपविणारा मनुष्य उघड बढाई मारणाऱ्यापेक्षांही लोकांस अधिक नावडतो, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत आढळलें. "काय सांगूं, अभ्यास कांहींच झाला नव्हता, तरी कसा कोण जाणे पहिला आलों" हें वाक्य आमच्या कॉलेजांच्या आवारांत कोणी ऐकलें नाहीं? या एका वाक्यानें बोलणारा खोटा ठरतो, आणि रात्रीं जागून अभ्यास करूनही मागें राहिलेला श्रोता स्वतःस निर्बुद्ध समजूं लागतो. पुढें २०२१ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, जवळच्या मनुष्यापासून आपलें यश लपवून ठेवल्यास, तें त्यास कळल्यावर तो अधिकच दुखावतो; कारण 'याला माझें यश सोसवणार नाहीं' असें आपण परस्पर ठरवून टाकलेलें असतें. तेव्हां शेजारच्या नापास मुलासमोर गप्प बसण्याचा जो उपदेश आपण करतों, तो दयेपोटीं केलेला असला, तरी त्यांत त्या मुलाचा अपमानच आहे. त्याच्याकडे जाऊन, "मी पास झालों, तुझा कोणता विषय राहिला? माझ्या वह्या घे" असें म्हणणें हाच खरा शेजारधर्म.

परंतु मौनाचा सर्वांत क्रूर प्रकार अजून सांगावयाचा आहे, आणि तो मुलींच्या वांट्यास येतो. मुलाचें यश घरांत आलें कीं दारें उघडतात. मुलीचें आलें कीं पुष्कळ घरांत एक दार हळूच लोटलें जातें. "झाली कीं पदवी, आतां पुरे." "एवढी शिकली तर तोडीचें स्थळ कोठून आणावयाचें?" म्हणून कितीएक मुली आपल्या यशाची वार्ता मैत्रिणीपाशीं बोलतात, बाईंपाशीं बोलतात, आणि घरीं मात्र 'पास झालें' एवढेंच सांगतात, कारण निकाल जितका चांगला, तितकी बैठकींतल्या बोलण्यांना घाई! ही आमची कल्पना नव्हे. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत मराठवाड्यांतील बालविवाहांचें प्रमाण राज्याच्या सरासरीहून पुष्कळ अधिक आढळलेलें आहे. ज्या मुलखांत मुलीला कॉलेजचा उंबरठा ओलांडणें हाच पराक्रम आहे, तेथें तिला आपला गुणांक लपवावा लागावा, यापरती लाजिरवाणी गोष्ट कोणती? अशा मुलीस विनयाचे धडे देणाऱ्यांनीं आधीं तिला निर्भयपणें आपलें यश उच्चारण्याची जागा करून द्यावी.

विद्यार्थ्यानें स्वतःच्या तोंडानें बोलल्यानें काय होतें, याचें ठळक उदाहरण आमच्याच जिल्ह्यानें पाहिलें आहे. शेलगांवचे अन्सार शेख हे रिक्षा चालविणाऱ्या बापाचे चिरंजीव. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत. संघ लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेचा निकाल २०१६ सालीं लागला, तेव्हां वयाच्या एकविसाव्या वर्षीं ते ३६१ व्या क्रमांकानें उत्तीर्ण झाले. केवळ फलक लावणाऱ्यांच्या हातीं ही वार्ता राहिली असती, तर तिच्यांत नांव आणि क्रमांक यांपलीकडे कांहींच नसतें. पण शेखांनीं स्वतः वर्तमानपत्रांस सांगितलें कीं, पुण्यास राहावयास खोली शोधतांना आपलें खरें नांव सांगितल्यावर जागा मिळेना, म्हणून आपण आपल्या एका हिंदु मित्राचें नांव सांगत होतों. आणि शाळा सोडून गॅरेजांत कामास लागलेल्या भावाच्या कमाईचाही आपल्या यशांत वांटा आहे. वाचकहो, हीं दोन वाक्यें कोणत्या फ्लेक्सावर छापलीं गेलीं असतीं? यशाची किंमत काय पडली, ती कोणीं कोणीं भरली, आणि वाटेंत समाजानें कोणते धोंडे टाकले, हें केवळ तो प्रवासीच सांगूं शकतो. त्याचें तोंड हारांनीं बंद केलें, कीं तें सांगणेंही बंद होतें. आणि मग समाज स्वतःच्या पापांतून फुकटांत सुटतो. आम्हांस तर अशी शंका येते कीं, हारतुऱ्यांची एवढी हौस आपणांस त्याच सोयीसाठीं आहे.

"मग काय सत्कार करूंच नयेत?" असें कोणी विचारील. अवश्य करावेत, पण कसे करावेत याचा कित्ता आपल्यासमोर आहे. १९०७ सालीं मुंबईस भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मुलाचें तें यश. त्याच्या गौरवासाठीं सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. त्या सभेंत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातीं दिलें. एवढ्यावर केळुसकर थांबले नाहींत. पुढें कॉलेजच्या शिक्षणास पैसा कमी पडूं लागला, तेव्हां त्यांनींच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. १९१२ सालीं भीमराव बी. ए. झाले. सत्कार याला म्हणतात! तेथें पुस्तक दिलें गेलें, पुढच्या वाटेची विचारपूस झाली, आणि अडचणीच्या वेळीं शब्द टाकणारा मनुष्य उभा राहिला. आपल्या चौकांतील फलकाखालीं ज्या पन्नास शुभेच्छुकांचीं नांवें असतात, त्यांपैकीं त्या मुलाच्या पुढील वर्षाची फी कितीजणांस ठाऊक असते?

आणि विद्यार्थ्यांसही दोन शब्द. गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजांत शिकत असतां अंगावर एकच सदरा, तो रात्रीं धुवून सकाळीं घालावयाचा, अशा दारिद्र्यांत होते. तेथून त्यांनीं आईस पत्र लिहून कळविलें कीं, मुलाच्या मोठमोठ्या परीक्षा होत आहेत तेव्हां आतां त्यास मोठ्या पगाराची नोकरी लागेल, असे मनोरथ तूं करूं नकोस. पोटापुरत्या पैशावर समाधान मानून आपण बाकीचा वेळ परहितार्थ घालविणार आहों. यश सांगण्याची हीही एक रीत आहे. त्यांत परीक्षेचा उल्लेख आहे, पण बढाई नाहीं; आणि जी आई त्या यशाची वाट पाहात होती, तिच्यापासून कांहीं लपविलेलेंही नाहीं. प्रत्येकानें आगरकर व्हावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आपलें यश सर्वप्रथम कोणास सांगावयाचें आहे, आणि तें सांगून आपण कशाची जबाबदारी घेत आहों, एवढा विचार मोबाइलवर बोट ठेवण्यापूर्वीं करावयास कोणाची हरकत आहे? बापाला श्रेणी कळत नसेल, तर ती त्यास समजेल अशा शब्दांत सांगावी. "माझ्यापुढें एकच जण आहे" हें वाक्य कोणत्याही फडावर कळतें. गांवांतल्या शाळेंत जावें, दहावीच्या पोरांसमोर उभें राहावें, आपण कोठें चुकलों हेंही सांगावें. जिल्ह्याच्या ठिकाणीं काय शिकतां येतें, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरतात, वसतिगृहांत जागा कशी मिळते, या गोष्टी त्या पोरांस फलकावरील फोटो सांगत नाहीं.

जालना हें बियाण्यांचें गांव आहे. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं येथें बियाण्यांची कंपनी काढली आणि १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पारितोषिक मिळालें, हें येथील पोरासोरांसही ठाऊक आहे. बियाणें कशासाठीं असतें हें या गांवास शिकवावयास नको. तें कोणी चौकांत टांगून ठेवीत नाहीं, आणि दृष्ट लागेल म्हणून कणगीच्या तळाशीं कायमचें दडपूनही ठेवीत नाहीं. मृग लागला कीं तें मातींत जातें. विद्यार्थ्याच्या यशास आपण याहून वेगळा न्याय कां लावावा? येत्या हंगामांत आपल्या घरचा, आपल्या गल्लींतला एखादा मुलगा किंवा मुलगी निकाल घेऊन येईल. त्या वेळीं वाचकांनीं फोटो काढण्याची घाई करूं नये, गप्प राहा असेंही बजावूं नये. त्यास समोर बसवावें, "कसें केलेंस, तें सांग" म्हणून विचारावें, आणि तो सांगूं लागला म्हणजे शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. एवढें ज्या घरांत होईल, त्या घराच्या दारीं फ्लेक्स लागला काय आणि न लागला काय, आम्हांस त्याची पर्वा नाहीं.